शेवटच्या नंबरची खोली

माझा धाकटा भाऊ घरं जोडून देतो. विटा-सिमेंटची नव्हे. घरातले दिवे, कॅमेरे, दारांची कुलपं, पडदे, बेल, फोन हे सगळं तो एकमेकांना जोडतो, आणि तेही एकाच बारीक निळ्या वायरीने. त्या वायरीतून इंटरनेट जातं आणि त्याच वायरीतून वीजही जाते, ही त्याच्या धंद्यातली मोठी गोष्ट. दिव्याला वेगळी विजेची वायर नको, कॅमेऱ्याला वेगळा प्लग नको, भिंती फोडायला नकोत. "ताई, एका दगडात दोन पक्षी," असं तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी म्हटलं, "पक्षी मरतात रे त्यात." तो हसला नाही. धंद्याच्या बाबतीत त्याला चेष्टा चालत नाही.

मी त्याला अजून छोट्या म्हणते. केस पांढरे झाले, पोट सुटलं, दोन मुलगे कॉलेजात गेले, तरी माझ्या तोंडातून दुसरं काही निघत नाही. बाहेरच्यांसमोर हाक मारली की त्याचा चेहरा कसानुसा होतो. मग मी मुद्दाम दोनदा मारते.

आमचं राहतं घर हेच त्याचं दुकान. गिऱ्हाईक आलं की त्याला घर दाखवायचं. दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून छोट्या हातातल्या फोनला बोट लावतो, की पडदे सरकतात, दिवे मंद होतात, भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर अंगण, जिना, गच्ची, फाटक अशी सगळी चित्रं उमटतात. आपण त्या वेळी कुठेही असलो तरी हसरा चेहरा ठेवायचा. एकदा मी कपडे वाळत घालताना गच्चीच्या कॅमेऱ्यात सापडले. वैतागून डोक्याला हात लावलेला, तोंडात चिमटे. गिऱ्हाइकाने म्हणे विचारलं, "मोलकरीणही तुम्हीच पुरवता का?" छोट्याने हे मला जेवताना गंमत म्हणून सांगितलं. भावजय हसली, मुलं हसली, मीसुद्धा हसले. नंतर भांडी घासताना मात्र अंगाचा तिळपापड झाला.

माझी खोली जिन्याखाली आहे. आई गेली आणि आमचं भाड्याचं घर सोडायची वेळ आली, तेव्हा छोट्या म्हणाला, "ताई, आता तू आमच्याकडेच. हे तुझंच घर आहे." त्यात खोटं काही नव्हतं, मनापासूनच म्हणाला. आधी मला वरची खोली दिली होती. मुलं मोठी झाली, त्यांना अभ्यासाला जागा लागली, आणि मीच खाली येते म्हणाले. कुणी सांगायच्या आत आपण म्हणून टाकायचं, ही माझी जुनी खोड. खाली ही एकच खोली मोकळी होती, म्हणजे मोकळी नव्हतीच, छोट्याचा माल तिथे असायचा. माल अजूनही आहे. लोखंडी रॅकवर खोकी, रॅकच्या मधे माझी खाट. खिडकी नाही. दारावर हवेसाठी एक जाळी आहे, तिच्यातून दिवाणखान्यातलं सगळं ऐकू येतं. भिंती जाड असल्यामुळे मोबाईलला आत रेंज येत नाही.

त्यावर छोट्याने एक निळी वायर आत आणली. तिच्यावर छतातला दिवा, इंटरनेटची पांढरी तबकडी आणि दाराचं कुलूप. इथेच घोडं पेंड खातं. ते कुलूप मालाच्या दिवसातलं. वीज गेली की त्याचा अडसर आपोआप बसतो आणि वीज येईपर्यंत निघत नाही, म्हणजे चोराने वायर तोडली तरी त्याला आत शिरता येत नाही. आतून उघडायला एक हिरवं बटण आहे, पण तेही त्याच वायरीवर. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "चोर बाहेर राहिला हे ठीक. पण आतला माणूस?"

"आत कोण असणार? माल," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. "बदलतो गं ताई. हे कुलूप बदलून टाकतो. तोवर किल्ली आहेच माझ्याकडे."

लोकांची घरं करता करता आमच्या कुलपाला काही सवड मिळाली नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! मी दारात एक लाकडी स्टूल अडकवून ठेवायला लागले. दार बंद होत नाही म्हटल्यावर मग कुलपाने काय वाटेल ते करावं.

आणि त्याला कारण होतं. सगळ्या निळ्या वायरी जिन्यातल्या एका काळ्या पेटीत जातात. छोट्या तिला स्विच म्हणतो. बटण एकही नाही, तरी स्विच. ही पेटीच सगळ्यांना वीज वाटते, पण तिच्याजवळ वाटायला ठरावीकच असते. घरातलं सगळं एकदम चालू केलं आणि तिला पुरेनासं झालं, की ती कुणाची तरी वायर बंद करते. कुणाची, हे आधी सांगून ठेवावं लागतं. फाटकाच्या कॅमेऱ्याला पहिला नंबर, मग दिवाणखाना, मग छोट्याचं ऑफिस, मुलांच्या खोल्या, अंगणातले दिवे. माझ्या खोलीला शेवटचा.

"मालाची खोली होती ना, तेव्हाचं आहे ते," तो म्हणाला होता. "आणि तू कुठे असतेस दिवसा खोलीत?"

खरंच नसते. मी स्वयंपाकघरात असते. आणि जेवायला वाढणारीच्या ताटात काय उरतं हे मला पेटीने शिकवायची गरज नव्हती. आठवड्यातून एकदोनदा माझा दिवा जायचा, दिवाणखान्यात गिऱ्हाईक आलंय एवढं त्यावरून मला कळायचं. गिऱ्हाईक गेलं की दिवा यायचा. मी मूग गिळून गप्प बसायचे.

मग मी त्या नोकरीसाठी अर्ज केला. दुसऱ्या गावात मुलींचं वसतिगृह होतं, त्यांना तिथेच राहणारी अधीक्षिका हवी होती. वयाची अट माझ्या वयाच्या जरा पलीकडेच संपत होती, म्हणजे हा शेवटचा मोका. घरात कुणाला बोलले नाही. बोलले असते तर भावजय म्हणाली असती, "ताई, आमचं काही चुकलं का?" आणि छोट्या रुसून जेवला नसता. मग मीच त्याची समजूत काढत बसले असते आणि शेवटी म्हणाले असते, जाऊ दे. मला माझीच भीती वाटत होती. अर्जात नातेवाइकाचा फोन नंबर मागितला होता, तिथे छोट्याचाच टाकला. दुसरा कुणाचा टाकणार?

मुलाखत व्हिडिओवर होती, सकाळी अकरा वाजता. भावजय दवाखान्यात कामाला गेली, मुलं कॉलेजला. मी छोट्याला नाश्त्याच्या वेळी सांगितलं, "आज अकराला माझं जरा काम आहे. घर दाखवायला कुणाला आणू नकोस."

"नाही आणत," तो फोनमध्ये बघत म्हणाला.

"काय म्हणाले मी?"

"अकरा. काम. कुणी नको." शाळेतल्या पोरासारखं त्याने म्हणून दाखवलं, आणि मीही ऐकून घेतलं.

चांगली साडी नेसले. भाच्याचा जुना लॅपटॉप ठेवायला टेबल नव्हतं, म्हणून दारातलं स्टूल काढलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, आणि मागे खोकी दिसू नयेत म्हणून रॅकवर चादर टाकली. बाहेर मिक्सर नाही, टीव्ही नाही, पण छोट्या फोनवर नेहमी ओरडून बोलतो, तो आवाज नको म्हणून दार लावून घेतलं. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच.

वसतिगृहाच्या संचालकबाई वेळेवर पडद्यावर आल्या. चष्मा, आखूड केस, बोलणं सरळ. माझी ओळख झाली, शिक्षण झालं. मग त्यांनी विचारलं, "दोन मुली एका खोलीत राहायला तयार नाहीत, रोज भांडतात. काय कराल?" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी म्हटलं, "आधी मी दोघींना वेगवेगळं बसवून—"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं. छोट्याचा आवाज, तो खास गिऱ्हाइकांसाठीचा, तूप लावलेला. "या या डॉक्टरबाई, अहो, त्यात काय, दहा मिनिटांचं तर काम."

मी बोलत राहिले. पडदे सरकल्याचं ऐकू आलं. "आता सगळं एकदम चालू करून दाखवतो," छोट्या म्हणाला, आणि माझ्या डोक्यावरचा दिवा गेला. लॅपटॉपवर संचालकबाई तोंड उघडं ठेवून थिजल्या. दारात खटकन अडसर बसला.

मी हिरवं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बटण ढिम्म. अंधारात लॅपटॉपचा तेवढा निळसर उजेड, त्यात थांबलेला तो चेहरा आणि खाली "जोडणी तुटली." खोलीत हवा नव्हतीच, आता आणखी नाहीशी झाल्यासारखी वाटली. दाराला मूठ नाही, ओढायला काही नाही, नुसती सपाट फळी. मी तळहाताने दार वाजवायला लागले.

"कसला आवाज?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"शेजारी सुतारकाम चालू आहे," छोट्या म्हणाला. "महिनाभर झाला, डोकं उठवलंय नुसतं."

माझा हात थांबला.

हे मला अजून समजत नाही. कुणी थांब म्हटलं नव्हतं. पण शेजारी सुतारकाम आहे असं माझ्या भावाने सांगितलं, आणि मी ताबडतोब सुताराला घरी पाठवलं. गिऱ्हाइकासमोर त्याची अब्रू जाऊ नये! लहानपणी त्याने बरणी फोडली की आईला मी सांगायचे, माझ्या हातून फुटली. तसंच झालं, विचार करायच्या आतच. खाटेच्या कडेला बसले आणि स्वतःचाच इतका राग आला की दाराला लाथ मारावी. तीही मारली नाही.

बाहेर डॉक्टरबाई बारकाईने विचारत होत्या. त्या नवीन घर बांधत होत्या, आईसाठी खालची खोली करणार होत्या. आईचं वय झालंय, ती पडली-झडली तर कळायला हवं, हाक मारली तर ऐकू यायला हवी. "आणि समजा या पेटीला वीज पुरली नाही, तर? आईच्या खोलीतलं बंद पडलं तर?"

"छे! कसं पडेल?" छोट्या म्हणाला. "कुणाला आधी द्यायची ते आपल्या हातात असतं. आईंच्या खोलीला पहिला नंबर देऊ. बाकी सगळं घर अंधारात जाईल, पण आईंचा दिवा जाणार नाही. माणसं महत्त्वाची, डॉक्टरबाई, वस्तू काय!"

त्याला कळलं नव्हतं असं समजू नका. कुठली वायर बंद पडली हे त्याच्या फोनवर लगेच येतं, दिसतं त्याला. अंगणातला एखादा दिवा बंद केला असता तर माझं दार उघडलं असतं. पण मग डॉक्टरबाईंनी विचारलं असतं, हा दिवा का बंद केलात? आणि मी काय, दहा मिनिटं बसून राहीन. आतापर्यंत बसतच आले होते.

मी दाराजवळ जाऊन जाळीखाली उभी राहिले. घामाने पदर चिकटला होता. वाटलं, संचालकबाई थोडा वेळ वाट बघतील, तेवढ्यात हे लोक गच्ची बघायला जातील, हा काहीतरी बंद करील. तेवढ्यात छोट्याचा फोन वाजला.

"एक मिनिट हं," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकासमोर नको म्हणून बोलत बोलत जिन्याजवळ आला. अगदी माझ्या दाराशी. त्याच्या खिशातल्या किल्ल्या वाजल्या तेही मला ऐकू आलं.

"हो, मीच बोलतोय. … हो, माझी बहीण. … कुठलं वसतिगृह?"

मी श्वास धरला.

मी दारावर एक बोट वाजवलं. "छोट्या," मी हळूच म्हटलं, "तो फोन माझा आहे. दार उघड."

तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. ऐकलं त्याने. त्याचा श्वास थांबल्याचं कळलं मला.

"नाही हो," तो फोनमध्ये म्हणाला. "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. ती कशाला नोकरी करील? तिला इथे काय कमी आहे? … मधेच बंद झालं? हो, ते … ती घरी नाहीये. बाहेर गेली आहे. नाही, कधी येईल सांगता येत नाही."

सुताराचं मी समजून घेतलं होतं. ते गिऱ्हाइकासाठी होतं, पोटासाठी होतं. हे कशासाठी? मला दाराआड ठेवून, माझ्या तोंडावर, मी नाही म्हणून सांगतो! लॅपटॉप खाटेवर फेकला, स्टूल दोन्ही हातांनी उचललं आणि दारावर घातलं. असा आवाज झाला की रॅकवरची खोकी हलली.

"मी घरी आहे!" मी ओरडले. "बाई, ऐकू येतंय का? मी घरीच आहे! मला आत कोंडलंय!"

पुन्हा घातलं. स्टुलाचा पाय निखळला. तिसऱ्यांदा घातलं.

"अहो," डॉक्टरबाई जवळ आल्या होत्या, "सुतार बोलतोय."

मग किल्ल्या वाजल्या. एक लावली, ती चुकली. दुसरी लावली, तीही चुकली. तिसरी लागली आणि दार उघडलं.

उजेडाने डोळे दिपले. छोट्याच्या एका हातात जुडगा होता, दुसऱ्या हातात फोन, तळव्याने झाकलेला. डॉक्टरबाई त्याच्या खांद्यावरून आत बघत होत्या. खाट, खोकी, रॅकला बांधलेली माझी कपड्यांची दोरी, खाली पडलेली चादर.

"तुम्ही इथे राहता?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

त्यांनी पर्स उचलली आणि गेल्या. फाटकाच्या कॅमेऱ्याने त्या गेल्याची बेल वाजवली.

"फोन चालू आहे?" मी म्हटलं. "दे इकडे."

"ताई, एका शब्दाने सांगितलं नाहीस मला." त्याचे डोळे भरून आले होते. ढोंग नव्हतं ते, त्याचं ढोंग मला लगेच कळतं. "आपण बोलू ना. कुलूप आजच बदलतो. तुझ्या खोलीला पहिला नंबर देतो, आत्ता देतो, तुझ्यासमोर."

या पोराला मी बुटाची नाडी बांधायला शिकवलं, तापात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसले. आणखी एकदा ताई म्हणाला असता तर माझं काही खरं नव्हतं. म्हणून मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

"नमस्कार," मी म्हटलं. "मी बोलते आहे."

"ते तर म्हणाले, तुम्ही बाहेर गेला आहात," संचालकबाई म्हणाल्या.

"घरातच होते. खोलीचं दार उघडत नव्हतं."

इतक्या मुली सांभाळलेली बाई, काय समजायचं ते समजली असावी. "बघा," त्या म्हणाल्या, "तुमचा वेळ संपला आहे आणि पुढच्या बाई थांबल्या आहेत. तुमचा अर्ज मला आवडलाय, आता एकच विचारायचंय. आधीच्या दोघी अधीक्षिका वर्षाच्या मधेच सोडून गेल्या, घरच्यांनी बोलावलं म्हणून. मुलींचे फार हाल झाले. तेव्हा स्पष्ट सांगा, घरी कुणी तुमच्यावर अवलंबून आहे का?"

फोनचा आवाज मोठा होता. छोट्याला प्रश्न ऐकू गेला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, हो म्हण अशी. आजवर कुणीही विचारलं तर याचं माझं उत्तर हो असंच होतं. मला बघायला आलेल्यांनाही मी तेच सांगितलं होतं, माझा भाऊ लहान आहे म्हणून, आणि ते सांगताना मला अभिमान वाटायचा. हो हा शब्द आत्ताही तोंडात आला होता. तो तिथेच धरून ठेवायला इतकं बळ लागलं की दाराची चौकट पकडावी लागली.

"नाही," मी म्हटलं. "कुणी नाही."

"मग सोमवारी सामान घेऊन या," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी फोन छोट्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला नाही. तो तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडायला लागला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. आत जाऊन खाटेखालची बॅग ओढली.